वेलीचं घरटं

प्रिय अण्णा,

बोटीवरच्या खोलीतून लिहितोय. ग्रीसचं सांतोरिनी आत्ताच मागे पडलं, नखांत अजून त्या बेटाची राखाडी माती आहे. आज दिवसभर तुझी फार आठवण आली, म्हणून रात्रीची वाट न बघता लिहायला बसलो.

ज्वालामुखीच्या उद्रेकांनी या बेटाचा मधला भाग खचला आणि तिथे समुद्र शिरला. शेवटचा महाभयंकर उद्रेक सुमारे ३,६०० वर्षांपूर्वीचा. आमची बोट त्या खोल पाण्यातच थांबली. छोट्या नावेने अथिनिओस धक्क्यावर उतरलो आणि कड्यावरच्या नागमोडी रस्त्याने बस वर चढली. सहल द्राक्षमळ्यांची होती.

पण मळा दिसेचना! ना मांडव, ना तार, ना खांब. उजाड रानात हिरवे ढिगारे तेवढे पसरलेले. वाटाड्या बाईंनी एका ढिगाऱ्याची पानं बाजूला केली आणि मी गुडघ्यांवरच बसलो. अण्णा, ती टोपली होती! छाटणीच्या वेळी काड्या गोल गोल वळवून, एकमेकींत गुंतवून केलेली जिवंत टोपली. तिला कुलुरा म्हणतात. घड आतल्या बाजूला, वाऱ्यापासून लपलेले. उन्हाळ्यात उत्तरेचा वारा इथे वाळू उडवत येतो, वेल उभी ठेवली तर कोवळी फूट झोडपून निघेल. मी हात आत घातला. बाहेर रणरणतं ऊन, आत सावलीचा गारवा आणि बोटांना लागणारे टणक हिरवे मणी. तोडणी ऑगस्टमध्ये.

उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नाहीच. रात्री समुद्रावरून येणारा दमटपणा सच्छिद्र प्युमिस दगड धरून ठेवतो. एक उचलला, मुठीएवढा, पण वजनच नाही! या मातीत चिकणमाती नावापुरती, म्हणून एकोणिसाव्या शतकात युरोपचे मळे खाणारी फिलोक्सेरा कीड इथे टिकली नाही. वेली अजून कलमाशिवाय, स्वतःच्या मुळांवर आहेत. टोपली म्हातारी झाली, माल कमी झाला, की जमिनीलगत कापतात आणि त्याच जुन्या मुळातून नवी वेल वाढवतात. वर पोरगी, खाली पणजी! मला तर भरून आलं.

नंतर चव घेतली. आसिर्तिको ही पांढरी वाईन, लिंबासारखी आंबट, शेवटी किंचित खारी. विन्सांतो या गोड वाईनसाठी द्राक्षं आधी उन्हात वाळवतात आणि वाईन किमान दोन वर्षं पिंपात मुरवतात. एक घोट बराच वेळ तोंडात धरला, बेदाण्याचा वास नाकात भरला.

वाईट याचं वाटलं, की शेजारच्याच रानात हॉटेलचं बांधकाम चाललं होतं. इथे यंत्र चालत नाही, सगळं वाकून हातानेच, उत्पन्नही थोडं. जमिनीला मात्र सोन्याचा भाव. एवढी जुनी मुळं एका दिवसात उखडली जातात, हे मला सहन होत नाही. आणि बसवाल्याने आम्हाला मळ्यात जेमतेम अर्धा तास दिला. तू असतास तर हललाच नसतास.

परसातली ती जुनी वेल तू या वर्षी काढणार होतास ना? काढली नसशील तर थांब. ती कलमी असेल तर खाली कापून उपयोग नाही, खुंटाचाच फुटवा येईल, हे तुला मी काय सांगावं. पण स्वतःच्या मुळावरची असेल तर? खोडाजवळची माती जरा उकरून कलमाची गाठ दिसते का बघ, आणि मला लगेच कळव.

तुझाच,
बाळू