एकदा केलेला रंगसंस्कार शंभर फोटोंना

महोदय,

गणेशोत्सवाच्या विसर्जन मिरवणुकीचे शेकडो फोटो पुण्यातले अनेक छायाचित्रकार एकेक करून सुधारतात. लक्ष्मी रस्त्यावर एकाच प्रकाशात टिपलेल्या फोटोंसाठी ही मेहनत अनाठायी आहे.

फोटोशॉपमध्ये एका फोटोवर लेव्हल्स, कर्व्हज, ह्यू-सॅच्युरेशन हे अ‍ॅडजस्टमेंट लेअर (मूळ फोटो न बदलता त्याचा उजेड-रंग बदलणारे थर) मनासारखे लावा. सगळे निवडून कंट्रोल-जी दाबून ग्रुप करा. दुसरा फोटो उघडा ठेवून ग्रुपवर राइट क्लिक करा, ‘डुप्लिकेट ग्रुप’ घ्या आणि डेस्टिनेशनमध्ये तो फोटो निवडा. कर्व्हचे आकडे शाबूत राहतात आणि नंतर बदलताही येतात. हाच ग्रुप वेगळ्या पीएसडी (फोटोशॉपच्या) फाइलमध्ये जपून ठेवणे उत्तम.

बिघडते ते बहुधा मास्कमुळे, म्हणजे लेअरचा परिणाम फोटोच्या कोणत्या भागावर व्हावा हे ठरवणाऱ्या आवरणामुळे. पहिल्या फोटोतल्या मूर्तीभोवती रंगवलेला मास्क तसाच पुढे जातो आणि दुसऱ्या फोटोत भलताच भाग उजळतो. म्हणून नेताना मास्क पांढऱ्याने भरा, मग नव्याने रंगवा. ग्रुपचा ब्लेंड मोड (खालच्या थरांत मिसळण्याची पद्धत) ‘पास थ्रू’च हवा, ‘नॉर्मल’ केला तर खालच्या फोटोवर परिणामच होत नाही. दोन्ही फोटोंचे कलर प्रोफाइलही (रंगांचे आकडे कसे दाखवायचे हे ठरवणारी माहिती) एकच असावे, नाहीतर त्याच कर्व्हने रंग वेगळे दिसतात.

मंडपातल्या रंगीत एलईडीखालचे फोटो मात्र या गटात मिसळू नयेत. त्यांचा व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा ही जुळवणी) आधी फोटोशॉपच्या कॅमेरा रॉ या भागात स्वतंत्रपणे जुळवावा. छायाचित्रण शिकवणाऱ्या संस्थांनी हे पहिल्याच महिन्यात शिकवावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे