रात्रपाळीच्या सिस्टरांना, त्या एका मिनिटाबद्दल

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

तुमचे आणि रुग्णालयाचे नाव मी या पत्रात मुद्दाम लिहिलेले नाही, पण तुम्हाला ओळख पटेल. खुब्याच्या हाडाच्या ऑपरेशननंतरची तिसरी रात्र, खिडकीजवळचा बेड, त्यावर माझे ७४ वर्षांचे वडील आणि शेजारच्या खुर्चीत पेंगणारी मी. पावणेतीनच्या सुमारास तुम्ही राउंडला आलात. त्याआधी थोडाच वेळ बाबा डोळे न उघडता मला म्हणाले होते, "माई, विहिरीवरची मोटर बंद कर." माई म्हणजे माझी आत्या, तिला जाऊन अकरा वर्षे झाली आणि शेत विकूनही बराच काळ लोटला. म्हातारे माणूस झोपेत बरळते आहे असे समजून मी "हो, केली बंद" म्हटले आणि पांघरूण सारखे केले.

तुम्ही यंत्रावरचे आकडे लिहून घेतलेत आणि मग बाबांच्या छातीवर पांघरुणावरूनच हात ठेवून मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत उभ्या राहिलात. मी काही विचारायला तोंड उघडले, तेव्हा दुसऱ्या हाताचे बोट वर करून तुम्ही मला थांबवलेत. पूर्ण एक मिनिट वॉर्डात पंख्याचा तेवढा आवाज होता. मग तुम्ही चार्टवर २८ लिहिलेत. त्याच रकान्यात त्याआधी दोन दिवस ओळीने २०, २०, २०, २० असे आकडे होते, हे मी नंतर पाहिले. कुणाला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. नाडी, रक्तदाब आणि ऑक्सिजन वॉर्डातले यंत्र दाखवते, श्वास मात्र माणसाला मोजावा लागतो. आणि तीस रुग्ण सांभाळणाऱ्या परिचारिकेकडे प्रत्येकासाठी एक मिनिट कुठून येणार, हा प्रश्न रुग्णालयांनी स्वतःला विचारण्यासारखा आहे.

तुम्ही मला विचारलेत, "बाबा असे बोलतात का नेहमी?" मी मोटरची गोष्ट सांगितली. मला ती हसण्यावारी नेण्यासारखी वाटत होती. तुम्ही तिचे तीन गुण धरलेत. त्या वेळी हे गणित मला कळले नव्हते. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आणलेली आणि २०१७ मध्ये सुधारलेली, रुग्ण ढासळतो आहे का हे वेळेत ओळखण्याची 'न्यूज' नावाची ही गुणपद्धत आहे, हे मी आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून वाचले. श्वास २८ म्हणून ३, नवा गोंधळ म्हणून ३, ऑक्सिजन ९३ टक्के म्हणून २, नाडी ११८ म्हणून २, वरचा रक्तदाब १०४ म्हणून १ आणि १०१ ताप म्हणून १, असे एकूण १२. सात झाले तरी धावपळ करायची असते. यातला एकही आकडा सुट्टा पाहिला तर मला घाबरवणारा वाटला नसता, आणि रक्तदाब तर मला चांगलाच वाटला होता. जंतुसंसर्ग शरीरभर पसरू लागला की रक्तातली आम्लता वाढते आणि ती बाहेर टाकण्यासाठी शरीर आधी श्वासाचा वेग वाढवते. रक्तदाब बऱ्याचदा उशिरा कोसळतो, हे तुम्हाला ठाऊक होते.

यापुढचे संभाषण मी कधीही विसरणार नाही. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी फोनवर पॅरासिटामॉल द्यायला सांगितले आणि बाकीचे सकाळी बघू म्हणाले. तुम्ही आवाज जराही न चढवता उत्तर दिलेत, "गोळी देते सर, पण मी आरआरटीला कॉल करते आहे." आणि फोन ठेवून लगेच दुसरा फिरवलात. आरआरटी म्हणजे रॅपिड रिस्पॉन्स टीम, रुग्ण ढासळू लागताच धावून येणारे पथक. सहा मिनिटांत आयसीयूचे डॉक्टर, तिथल्या सिस्टर आणि एक तंत्रज्ञ ट्रॉली घेऊन हजर होते. ऑक्सिजन लागला, कल्चरसाठी, म्हणजे जंतू शोधण्याच्या तपासणीसाठी, रक्त घेतले गेले, सलाईन आणि अँटिबायोटिक सुरू झाले आणि एक्स-रेचे यंत्र बेडपाशीच आले. उजव्या फुप्फुसात न्यूमोनिया निघाला. बाबा चार दिवस आयसीयूत होते, पण व्हेंटिलेटर लावावा लागला नाही.

त्या टीमचे आभार मी त्यांना भेटून मानले आहेत. हे पत्र तुम्हाला आहे, कारण बोलावल्याशिवाय टीम येत नाही. हृदय बंद पडल्यावर धावणारा 'कोड ब्लू' आपल्याला मालिकांमुळेही माहीत असतो. त्याच्या आधीच धावावे, ही कल्पना १९९० च्या सुमारास सिडनीच्या लिव्हरपूल हॉस्पिटलात केन हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमलात आणली. पुढे ऑस्ट्रेलियातल्या २३ रुग्णालयांत तिची मोठी चाचणी झाली. २००५ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा टीम असलेल्या आणि नसलेल्या रुग्णालयांत ठळक फरक दिसला नाही. त्यातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटली: टीमला बोलावण्याइतकी लक्षणे नोंदलेली असूनही अनेक रुग्णांसाठी बोलावणे गेलेच नव्हते. का गेले नसेल, याचा अंदाज मला त्या रात्रीचा फोन ऐकल्यापासून आहे. वरिष्ठ "सकाळी बघू" म्हणत असताना दुसरा फोन फिरवणे नियमपुस्तकात सोपे असते. रात्री तीन वाजता, नोकरी सांभाळून, ते किती अवघड असेल?

एक कबुलीही द्यायची आहे. त्या संध्याकाळीच मला बाबा 'वेगळे' वाटले होते आणि कुणाला सांगावे हे न कळून मी गप्प बसले. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये 'रायन्स रूल' आणि इंग्लंडमध्ये २०२४ पासून 'मार्थाज रूल' यांमुळे नातेवाइकांनाही अशी तातडीची तपासणी मागता येते. दोन्ही नावे मुलांची आहेत आणि ती दोन्ही मुले वाचली नाहीत. आपल्या वॉर्डातल्या भिंतीवरही असा एक फोन नंबर लिहिलेला असावा, अशी विनंती मी वैद्यकीय अधीक्षकांना पाठवलेल्या पत्रात केली आहे. तुमच्या सेवापुस्तकात त्या रात्रीची नोंद व्हावी, असेही त्यात लिहिले आहे.

बाबा आता वॉकर धरून गॅलरीपर्यंत जातात. त्या रात्रीचे त्यांना काहीच आठवत नाही. परवा मी त्यांना मोटरची गोष्ट सांगितली, तर ते हसले नाहीत. थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "मग, केली होतीस ना बंद?"

आपली कृतज्ञ,
खिडकीजवळच्या बेडवरच्या पेशंटची मुलगी