नवगावच्या काकांस

आदरणीय काका,

इस्रायलमधल्या लोदला परतून पंधरा दिवस झाले, तरी आपण कबरस्तानाच्या वाटेवर ठेवलेला तो पितळी तांब्या डोळ्यांपुढून हलत नाही, म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे.

पणजीच्या कबरीची चौकशी करायला मी आधी एका कार्यालयात तीन हेलपाटे घातले होते. तिथल्या गृहस्थांनी मान वर न करताच "तिथे आता काही उरलेलं नाही" असे सांगून मला वाटेला लावले. आपण मात्र हातातले काम टाकून बरोबर आलात. गलबत फुटून बुडालेल्या आमच्या लोकांचे किनाऱ्याला लागलेले देह ज्यांत पुरले असे आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, परंपरेने मानतो, ते पुरुषांचे आणि स्त्रियांचे दोन उंचवटे आपण आधी दाखवलेत आणि मग अक्षर नसलेल्या दगडांतून पणजीचा दगड नेमका ओळखलात.

आमच्यात मयताला आंघोळ घालून पांढरे कफन नेसवणाऱ्या मंडळीला हेवरा कादिशा, म्हणजे पवित्र मंडळी, म्हणतात आणि तिच्या सेवेला 'खरे उपकार', कारण मेलेला माणूस त्यांची फेड करू शकत नाही. १९४८ नंतर आमची बहुतेक घरे इस्रायलला गेली आणि शनवार तेल्यांच्या, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या आम्हा तेल्यांच्या, या गावांत मयताला खांदा द्यायलाही आमची माणसे पुरेनात, तेव्हा कबर खणायला आपले वडील येत असत, हे मला त्या दिवशी प्रथमच कळले.

परतताना आपण घरून तांब्याभर पाणी आणलेत. मी हात पुढे केला, तर आपण तो मला न देता दगडावर ठेवलात आणि म्हणालात, "तुमच्यात हातातून हातात देत नाय ना? बाबा सांगायचे." काका, कबरीवरून येताना हात धुवायचे एवढे मला ठाऊक होते, पण तांब्या हातातून घ्यायचा नाही, मृत्यू पुढच्याच्या हाती जाऊ नये म्हणून खाली ठेवायचा, हे आजीचे सांगणे मी साफ विसरले होते. आमची रीत आपण सांभाळलीत, तीही आमच्यापैकी कोणी न सांगता. (धुतलेले हात पुसायचे नसतात, तरी मी ते ओढणीला पुसणार होते, तेवढे आपल्या लक्षात आले नसावे.)

गडबडीत वडिलांचे नाव विचारायचे राहून गेले, ते कृपया कळवावे. हिब्रू पंचांगातल्या अदार महिन्याच्या सप्तमीला, आमचा संदेष्टा मोशे याच्या पुण्यतिथीला, पुष्कळ ठिकाणच्या हेवरा कादिशा आपला दिवस पाळतात. त्या दिवशी इथल्या सिनेगॉगमध्ये ते नाव घ्यायचे आहे.

आपली,
नवगावची एक पणती