कर्ण, कंस आणि राइट अँगल

सातारा,
२२ जून

प्रिय मंजू,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. फोनवरच बोलणार होते, पण त्यात आकृत्या कशा दाखवणार? म्हणून सरळ कागद पुढे ओढला. मधल्या आकृत्या घाईत काढल्यात, हसू नकोस.

लेकीला आठवीपासून सेमी-इंग्रजीला घातलंस, गणित इंग्रजीतून, ते बरं की वाईट, यात मी पडत नाही. पण तिच्यासाठी मराठी-इंग्रजी शब्दांची वही करून रोज दहा शब्द पाठ करून घेणार म्हणतेस, त्याबद्दल मात्र बोलायचंय. आधी एक धास्ती काढून टाक. सेमीचं गणिताचं पुस्तक काही वेगळं नसतं. बालभारतीचंच, मराठीत आहे तेच इंग्रजीत. धडे तेच, क्रम तोच, उदाहरणंही तीच. बालभारतीच्या संकेतस्थळावर दोन्हीच्या पीडीएफ फुकट मिळतात. दोन्ही शेजारी शेजारी उघडून ठेवली की अर्धी वही आपोआप तयार होते.

आता माझं म्हणणं. वर्गात पोरं जड शब्दांवर अडतात असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही गं. 'सहगुणक', 'छेदिका', 'शिरोलंब' हे शब्द पोरांनी घरीदारी कधी ऐकलेले नसतात, त्यामुळे निमूटपणे व्याख्या वाचतात, दोन उदाहरणं करतात आणि शब्द बसतो. घोळ घालतात ते ओळखीचे शब्द. खालच्या वर्गांत कंस म्हणजे बेरीज-वजाबाकी ज्यात कोंडायची तो. आठवीत शेवटचा धडा येतो 'वर्तुळ – जीवा व कंस', आणि तिथे कंस म्हणजे वर्तुळाचा तुकडा. श्रीकृष्णाचा मामा वर्गात आधीपासून हजर असतोच. 'पाया' त्रिकोणालाही आणि घातांकालाही. 'मूळ' संख्येतही आणि वर्गमुळातही. 'व्यस्त चलन' वाचून तर एकाने मला विचारलं होतं, मॅडम, हा धडा बँकेबद्दल आहे का? त्याची काय चूक? रोजच्या बोलण्यातले दोन्ही शब्द, आणि दोन्हींचे अर्थ इथे निराळे.

सगळ्यात चिवट तो 'कर्ण'. काटकोन त्रिकोण सगळ्या फळ्यांवर एकाच पद्धतीने उभा असतो: एक बाजू आडवी, एक उभी, तिसरी तिरकी. पोरं मनात पक्कं करतात, तिरकी बाजू म्हणजे कर्ण. मग मी तोच त्रिकोण फिरवून काढते, लांब बाजू खाली आडवी आणि काटकोन वर टोकाला. 'कर्ण दाखवा' म्हटलं की निम्मा वर्ग डावीकडच्या तिरक्या बाजूवर बोट ठेवतो, उरलेला उजवीकडच्या. काटकोनाच्या समोरची बाजू, ही व्याख्या त्यांना तोंडपाठ असते बरं का! विचारलं की घडाघडा म्हणून दाखवतात, पण बोट जातं तिरक्या बाजूकडेच. त्यातून चौकोनाच्या समोरासमोरच्या शिरोबिंदूंना जोडणाऱ्या रेषाखंडालाही मराठीत कर्णच म्हणतात. इथे इंग्रजी तिला मदत करेल, कारण तिकडे दोन शब्द आहेत: त्रिकोणातला हायपोटेन्यूज आणि चौकोनातला डायगोनल. वहीत 'कर्ण' असा एकच शब्द लिहून समोर एकच इंग्रजी शब्द लिहिलास तर पुढे पंचाईत होईल. शब्दासमोर शब्द लिहूच नकोस. शब्दासमोर आकृती काढायला लाव, तीही दोन-तीन वेगवेगळ्या दिशांनी फिरवलेली, आणि त्याखाली दोन्ही भाषांतली नावं.

इंग्रजीतही असे ओळखीचे चोर आहेतच. राइट अँगल शिकवल्यावर 'मग लेफ्ट अँगल कुठला?' हा प्रश्न दरवर्षी येतो. डिफरन्स विचारला की 'एक सम आहे, एक विषम' असं उत्तर मिळतं. प्रॉडक्ट म्हणजे दुकानातली वस्तू, व्हॉल्यूम म्हणजे टीव्हीचा आवाज. आणि सिमिलर! बोलताना सिमिलर म्हणजे साधारण सारखं. भूमितीत मात्र कोन तंतोतंत तेवढेच आणि बाजू एकाच प्रमाणात हव्यात. आपला 'समरूप' तरी ऐकताच पारिभाषिक वाटतो, सावध करतो.

तुमच्या नागपुरात आणखी एक भानगड होणार. लेक यूट्यूबवर हिंदी व्हिडिओ बघते म्हणालीस ना? मराठीत पूरक कोन म्हणजे बेरीज १८०, आणि ९० वाले ते कोटिकोन. हिंदीत पूरक म्हणजे ९० आणि १८० ला संपूरक. इंग्रजीत ९० चे कॉम्प्लिमेंटरी, १८० चे सप्लिमेंटरी. म्हणजे हिंदीतून ऐकून मराठी पुस्तकाशी ताडून पाहिलं की पोर बरोब्बर उलटं लिहिणार, आणि आपण म्हणणार अभ्यास करत नाही! हे तिला आजच सांगून टाक.

बीजगणिताकडे येते. तिथे एकेका शब्दापेक्षा शब्दांचा क्रम जास्त दगा देतो. 'क्षपेक्षा पाचने कमी' हे आपण ज्या क्रमाने बोलतो त्याच क्रमाने लिहितो: आधी क्ष, मग वजा, मग पाच. (आपल्या वेळचा क्ष आता गेला, मराठी पुस्तकातही एक्सच छापतात. मी हट्टाने फळ्यावर क्ष लिहिते.) इंग्रजीत तेच होतं 'फाइव्ह लेस दॅन एक्स'. मुलगी जसं ऐकते तसं लिहिते, पाच वजा एक्स, आणि चिन्ह उलटं पडतं. 'सबट्रॅक्ट सेव्हन फ्रॉम वाय'चंही तेच. सेमीत आलेल्या हुशार मुलांचे पहिल्या चाचणीतले गुण इथेच जातात. गणित येत असतं, वाक्य उलगडत नाही. तिला अशी वीसेक वाक्यं दे आणि उत्तर काढायला सांगूच नकोस, फक्त चिन्हांत मांडायला सांग. पाच मिनिटांचं काम, रोज चहाच्या वेळी होईल.

क्रमावरून आठवलं. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'त्रेसष्ट'बरोबर 'साठ तीन' आलं तेव्हा केवढा गहजब झाला होता! व्हॉट्सॅपवर नुसते विनोद. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर सांगत होत्या की बोलताना तीन आधी आणि साठ नंतर, लिहिताना उलटं, यात लहान मुलं गोंधळतात. ऐकून घ्यायची तयारी फारच थोड्यांची होती. तोडगा मला सगळा पटला होता असं नाही, पण दुखणं त्यांनी अचूक दाखवलं होतं. आठवीत भाषा बदलली की तेच दुखणं नव्याने उभं राहतं.

आणखी एक राहतंय. नामांच्या नादात क्रियापदं विसरू नकोस. प्रश्नपत्रिकेत काय करायचं ते क्रियापद सांगतं: सरळ रूप द्या, अवयव पाडा, विस्तार करा, किंमत काढा, पडताळा घ्या, सिद्ध करा. इंग्रजीत सिम्प्लिफाय, फॅक्टराइझ, एक्सपांड, इव्हॅल्युएट, व्हेरिफाय, प्रूव्ह. फॅक्टराइझ म्हटलेलं असताना पोरं राशीपुढे 'बरोबर शून्य' लिहून एक्सची किंमत काढत बसतात. सगळं काम नीट, गुण शून्य. ही सहा क्रियापदं वहीच्या पहिल्या पानावर हवीत. एकरूपतेच्या कसोट्यांची काळजी करू नकोस, बाकोबाचं एसएएस होतं, बस. बाजूला साइड, कोनाला अँगल, अक्षराला अक्षर. बाकोबा म्हणायची मजा तेवढी जाते.

'गणितात अक्षरं कशाला?' असं ती वैतागून विचारते म्हणालीस. तिला आपल्या भास्कराचार्यांची गंमत सांग. त्यांच्या 'बीजगणिता'त पहिली अज्ञात राशी 'यावत्तावत्', म्हणजे जितकी असेल तितकी. दुसरी, तिसरी लागली तर रंगांची नावं: कालक, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना पहिलं अक्षर घ्यायचं, या, का, नी. एक्स-वायच्या जागी काळा, निळा, पिवळा! तिला रंगीत पेन आवडतात ना, एकदा समीकरण तसं सोडवून बघू दे. चाळीसगावजवळ पाटणला त्यांच्या नातवाच्या काळचा शिलालेख आहे, त्यांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढल्याचा. सुट्टीत जाण्यासारखी जागा आहे. जीवा आणि कंसही असेच सांगता येतात. जीवा म्हणजे धनुष्याची दोरी. इंग्रजीतल्या आर्कच्या मुळाशी लॅटिनमधलं धनुष्य आणि कॉर्डच्या मुळाशी तार किंवा दोरी. दोन्हीकडे चित्र एकच, त्यामुळे ही जोडी ती विसरणार नाही.

आणि तुमच्या घराचं बांधकाम चालू आहे ते वाया घालवू नकोस. गवंडी कोपरा कसा तपासतो ते तिला उभं करून दाखव. एका बाजूला तीन फुटांवर खूण, दुसरीला चार फुटांवर, आणि मधली दोरी पाच फूट भरली की कोपरा काटकोनात. त्यातला कर्ण कुठला हे दोरीवर हात ठेवून सांगायला लाव. गवंड्याच्या हातातल्या लोखंडी गुण्याचा छोटा भाऊ तिच्या कंपासपेटीत आहे, त्यालाही गुण्याच म्हणतात, आणि इंग्रजीत सेट स्क्वेअर. पोरांना तो चौकोनी नसताना स्क्वेअर का, हे कोडं पडतं. स्क्वेअरचा एक अर्थ काटकोनात असलेलं, एवढं सांगितलं की पुरे.

पहिल्या घटक चाचणीचा पेपर झाला की उत्तरपत्रिकेचे फोटो पाठव, गुण कितीही असोत. कुठला शब्द नडला ते मला लगेच दिसेल. भाऊजींना नमस्कार सांग. आणि हो, गवंड्यासमोर पायथागोरसचं नाव काढू नका, नाहीतर मजुरी वाढवून मागेल!

तुझी,
सुमी