भाराभर चिंध्यांबद्दल

पुणे,
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू जे सांगितलंस ते अजून डोक्यातून जात नाहीये. तुझ्या निम्म्या वयाचा तो पोरगा तुझा पोर्टफोलिओ चाळतो आणि विचारतो, "सर, पण तुम्ही नक्की कोण? फोटोग्राफर की डिझायनर?" आणि तू गप्प! खरं सांगू, मला राग त्याचा नाही आला, तुझा आला. वर घरी येऊन तूच मला ऐकवतोस, "आपलं म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या." तेव्हा मला काही सुचलं नाही, नेहमीप्रमाणे. आता सुचलंय, पण ते व्हॉट्सअ‍ॅपवर मावणार नाही. तेव्हा माझं अक्षर सहन कर.

गॉगलवाला आठवतो का? जे.जे.ला थर्ड इयरला असताना लायब्ररीतलं ते पोस्टरचं जाडजूड पुस्तक, घरी न्यायला बंदी असलेलं. त्यात एक पान होतं, आपण सारखं तेच उघडायचो. खालून घेतलेला एक भलामोठा तिरका चेहरा, डोळ्यांवर गॉगल, आणि मागे बर्फाच्या उतारावरून येणारा एक चिमुकला स्कीअर. चेहरा डोंगराएवढा आणि माणूस नखाएवढा. ते पोस्टर होतं पोंट्रेसिना या गावाचं, १९३५ सालचं, आणि करणारा हर्बर्ट माटर. नाव तेव्हा आपण लक्षात ठेवलं नाही. गेला महिनाभर मी त्याच्याच मागे लागलोय.

हा स्वित्झर्लंडमधल्या एंगेलबर्गचा, जन्म १९०७चा. डोंगरातलं गाव, तिथे एक जुना बेनेडिक्टाइन मठ. शिकला पेंटिंग, आधी जिनिव्हात, मग पॅरिसला. तिथे शिकवायला फर्नां लेजे आणि ओझांफां हे चित्रकार. पोटापाण्यासाठी देबर्नी ए पेन्यो या टाइप फाउंड्रीत, म्हणजे छपाईची अक्षरं ओतणाऱ्या कारखान्यात, लागला. तिथे अक्षरं आणि फोटो दोन्ही सांभाळायचा. शिवाय पोस्टरवाल्या कासांद्रला मदत, वास्तुकार ल कॉर्ब्युझिएकडे हाताखाली काम. वय पंचविशीच्या आत! आपण त्या वयात दादरला रबर सोल्युशननं ब्रोमाइडचे प्रिंट चिकटवत होतो आणि कोपरे उचलले म्हणून शिव्या खात होतो.

मग १९३२ साली कागदपत्रं धड नाहीत म्हणून फ्रान्सनं त्याला हाकललं. साहेब परत स्वित्झर्लंडला. आणि तिथेच, राष्ट्रीय पर्यटन कार्यालयासाठी, १९३४ ते ३६ च्या दरम्यान त्यानं ती पोस्टरं केली. हाकललं नसतं तर गॉगलवाला झालाच नसता, असं मला उगाचच वाटतं.

त्यातलं एक तू नीट बघायला हवंस, कारण तो तुझा प्रांत आहे. स्वित्झर्लंडला मोटारीनं या, असं सांगणारं. अगदी खाली, आपल्या पायाशी, रस्त्याचे दगड, इतके मोठे की बोट लावून मोजावेत. मधे वळणावळणांचा घाट, आपला वरंध आठवावा असा. वर हिमाच्या रांगा आणि आकाश. वेगवेगळ्या फोटोंचे तुकडे आहेत ते. एका जागी उभं राहून असं दृश्य जन्मात दिसणार नाही, लेन्स कुठलीही लाव. पण नजर दगडांवरून घाटात आणि घाटातून शिखरावर अशी सरळ चढते की सांधा कुठे आहे हे शोधायचंच सुचत नाही. फोटो मुळात काळे-पांढरे, रंग छपाईच्या वेळी चढवलेला. म्हणून आकाश आकाशासारखं नाही, छापल्यासारखं निळं आहे. मला ते आवडतं. खोटं आहे, पण ते लपवत नाही.

आता सांग, हे काम फोटोग्राफरचं की डिझायनरचं? आपण फोटो काढतो, तो "झाला" की लेआउटमध्ये त्याला खिडकी देतो. माटरचा फोटो काढला तेव्हा झालेलाच नसायचा. भिजवलेली कणीक तेवढी असायची ती. बटण दाबताना कुठे कापायचं ते त्याला बहुधा ठाऊक असावं, नाहीतर तो चेहरा इतका तिरका कशाला घेईल? (चिंध्यांवरून गोधडीची उपमा सुचली होती. खोडली. फार स्वस्त झालीय ती.)

सगळंच काही मला पटत नाही, हेही सांगतो. ते उन्हात रापलेले, निरोगी, खालून घेतलेले चेहरे त्या दशकात सगळीकडे होते, रशियात होते, जर्मनीत होते, आणि तिथे ते सुट्टीची जाहिरात करत नव्हते. सलग दहा पोस्टरं बघितली की मला जरा गुदमरायला होतं. म्हणून मला नंतरचा, अमेरिकेतला माटर जास्त जवळचा वाटतो.

तिकडे तो गेला कसा, तर त्रुदी शूप या नर्तकीच्या कंपनीबरोबर, १९३६ साली, दौऱ्याचा फोटोग्राफर म्हणून. दौरा संपला, हा न्यूयॉर्कलाच राहिला. 'हार्पर्स बझार' या फॅशन मासिकाचा कलादिग्दर्शक अलेक्सी ब्रोडोविच, त्याला जाऊन भेटला, तर ही पोस्टरं ब्रोडोविचकडे आधीच पोचलेली! ओळख करून द्यायची गरजच पडली नाही. नशीब लागतं बाबा.

मग फॅशनचे फोटो, १९३९च्या जागतिक प्रदर्शनात स्विस दालन, युद्धकाळात कॅलिफोर्नियात ईम्स या डिझायनर दांपत्याबरोबर काही वर्षं. (हे तेच ईम्स, ज्यांच्या १९५८च्या अहवालावरून पुढे अहमदाबादचं एनआयडी, डिझाइन शिकवणारी ती संस्था, उभं राहिलं.) १९४६ पासून वीस वर्षं नॉल या फर्निचर कंपनीचं काम, आणि १९५२ पासून येल विद्यापीठात फोटोग्राफी शिकवणं. मधेच काल्डरच्या हलत्या शिल्पांवर एक फिल्म, १९५०ची, तिला संगीत जॉन केजचं. यादी वाचून तुझा पोरगा विचारेल, सर, नक्की कोण?

नॉलची एक जाहिरात सांगतो. सारिनन या वास्तुकाराची ती एका पायाची खुर्ची, ट्यूलिप म्हणतात ती. एका पानावर खाकी कागदात गुंडाळलेलं नुसतं पुडकं, आकारावरून खुर्ची असावी इतकं कळतं. पान उलटलं की कागद उतरलेला आणि खुर्चीत बाई बसलेली. संपलं. ना घोषवाक्य, ना "आकर्षक किंमत". पान उलटायला वाचकाचा हात लागतो, आणि तो हातच त्यानं कामाला लावला. मी हे वाचलं तेव्हा चहा गार झाला होता, तो तसाच प्यालो. तीस वर्षं आपण ब्रोशर करतोय, पान उलटतं हे आपल्या ध्यानातच नाही!

आणि अमेरिकेतली न्यू हेवन रेल्वे. १९५४ साली तिचं बोधचिन्ह त्यानं केलं: वर एन, खाली एच, जाड पायांची लांबट अक्षरं, एकावर एक रचलेली. काळा, पांढरा आणि तांबडा, तीनच रंग, इंजिनांवर धडाधड चढवलेले. रेल्वे १९६१ साली दिवाळखोरीत गेली. अक्षरं सुंदर होती म्हणून गाड्या वेळेवर येत नाहीत, हे क्लायंटला कोणी सांगत नाही. पण कंपनी गेली आणि रंग राहिले: कनेक्टिकटमधली काही इंजिनं पुढे मुद्दाम पुन्हा त्याच रंगात रंगवली गेली.

शेवटची पंचवीसेक वर्षं तो जाकोमेत्तीच्या शिल्पांचे फोटो काढत राहिला. पुस्तक करायचं होतं. १९८४ साली तो गेला, पुस्तक आलं १९८७ला, त्यात मजकूर त्याच्या बायकोचा, मर्सिडीजचा. ती स्वतः चित्रकार. हा माणूस फार कमी बोलायचा म्हणे. म्हणजे त्या मीटिंगमध्ये तोही तुझ्यासारखाच गप्प बसला असता. तेव्हा माझा राग मी मागे घेतो.

आता खरं कारण सांगतो पत्राचं. तू मला साठीच्या शांतीला दिलेला जेजुरीचा प्रिंट आहे ना, भंडारा उधळणारा हात, तो मी काल कापला. ओरडू नकोस, मूळ प्रिंट भिंतीवरच आहे, झेरॉक्स कापली. चारशे टक्के मोठा केला नुसता हात, मनगटापासून. खाली तुझ्याच दुसऱ्या फोटोतल्या पायऱ्या लावल्या, इतक्या बारीक की माणसं मुंग्यांएवढी. मधला भंडारा फक्त पिवळा ठेवला, बाकी सगळं काळं-पांढरं. हिनं बघितलं आणि म्हणाली, हे त्यांना दाखवा.

पण मनगटाशी सांधा दिसतोय. कटर माझ्या हाताला आता तसा बसत नाही, आणि झेरॉक्सवर काळं मातीसारखं येतं. तुझ्याकडे निगेटिव्ह असेल. कपाटाच्या वरच्या खणात, निळ्या फायलीत बघ, दोन्ही रोल तिथेच असणार. येत्या शनिवारी सिंहगडनं ये, मी स्टेशनवर येतो. आणि येताना कटरची नवी पाती आण, इथे हल्ली धड मिळत नाहीत.

वहिनींना नमस्कार, धाकटीला आशीर्वाद.

तुझाच,
लायब्ररीतला भागीदार