शुक्रवारच्या आत वाच

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन आधी तू ठेवलास की मी, यावरून तुझ्या आईचं आणि माझं अजून चालू आहे. ते असो. गाण्याच्या कंपनीचं करारपत्र सहीआधी नीट वाच म्हटलं, तर तू म्हणालीस, "अल्बर्टा हंटर कागद वाचत बसली असती का? ती गात राहिली!" ती अमेरिकन ब्लूज गायिका गात राहिली हे खरं. कागदांचं काय झालं ते सांगतो, आणि मग तुझ्या करारपत्राबद्दल एक अक्षर काढणार नाही.

'डाउनहार्टेड ब्लूज' हे गाणं तिनं आणि पियानो वाजवणाऱ्या लव्ही ऑस्टिननं मिळून केलं. १९२२ मध्ये पॅरामाउंट या रेकॉर्ड कंपनीसाठी ती स्वतः ते गायली. पुढच्याच वर्षी कोलंबिया या दुसऱ्या कंपनीनं तेच गाणं बेसी स्मिथ या गायिकेकडून गाऊन घेतलं, आणि बेसीची ती पहिलीच रेकॉर्ड लाखांनी खपली. गाणं तिकडे देण्याचा सौदा अल्बर्टाच्या नकळत झाला होता. त्या सौद्याचे पैसे तिच्या हाती आले नाहीत.

बेसीचंही ऐक. तिला तबकडीच्या, कंपनीला पसंत पडलेल्या एका बाजूमागे १२५ डॉलर मिळायचे, खपावर काही नाही. 'पसंत पडलेल्या' हा शब्द बघ. तेव्हा ध्वनिमुद्रणाला मायक्रोफोन वापरत नसत, भोंग्यात तोंड घालून गायचं. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. मध्येच चूक झाली की आवाज कोरायचं मेण फुकट, पुन्हा पहिल्यापासून. बेसीचं पहिल्या दिवसाचं सगळं मुद्रण असं वाया गेलं, गाणं जमलं दुसऱ्या दिवशी. नापास बाजूंचे पैसे नाहीत. एका शब्दाची करामत.

आता तुझं कलम ७. (बोलणार नव्हतो, माहीत आहे.) 'शब्द, चाल व मुद्रण कायमस्वरूपी, संपूर्ण जगासाठी, आज असलेल्या व भविष्यात येणाऱ्या सर्व माध्यमांसाठी.' एका वाक्यात तीन वेगवेगळ्या वस्तू कोंबल्या आहेत. मुद्रणाचा खर्च ते करणार, तर मुद्रण त्यांचं, ठीक आहे. शब्द आणि चाल तुझी. दुसऱ्या कुणी तेच गाणं गायलं, तर पैसे शब्द आणि चालीच्या मालकाला जातात. अल्बर्टाचं घोडं नेमकं तिथेच अडलं. आपल्या कॉपीराइट कायद्यात मुदत लिहिली नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांचं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर जे माध्यम अजून वापरातच नाही, त्याचा हक्क नाव घेऊन लिहिल्याशिवाय जात नाही. कायदा गप्प कागदाला तुझ्या बाजूनं वाचतो. म्हणूनच तर त्यांनी एवढं सविस्तर लिहिलंय!

आणि कलम ९. मानधन 'आगाऊ' दिलंय, म्हणजे ते तुझ्या वाट्यातून वळतं होणार. स्टुडिओ, व्हिडिओ, जाहिरात यांतला कुठला खर्च वळता होणार, याची यादी कुठेच नाही. यादी माग. हिशेब तपासायचा हक्क माग. तबलजी आणि अमेय यांचे टक्के गाणं झालं त्या दिवशीच लिहून ठेवायला हवे होते. अजून ठेव.

पुन्हा भाषण झालं. माफ कर. आबांचा स्वभाव म्हणायचा, दुसरं काय.

तिसरी गोष्ट मात्र मजेची आहे. अल्बर्टा एका कंपनीला बांधलेली असताना १९२४ मध्ये जेनेट या दुसऱ्या कंपनीकडे गायली, ते 'जोसेफिन बिटी' या नावानं. हे तिच्या सावत्र बहिणीचं नाव! साथीला ट्रम्पेटवाला लुई आर्मस्ट्राँग. तुझ्या कलम ११ मध्ये 'तीन वर्षे अन्यत्र गाणार नाही' आहे, आणि तुला तर बहीणही नाही.

तुला वाटेल, बाबांना त्या बाईत फक्त फसवणूकच दिसते. तसं नाही गं. १८९५ सालचा मेम्फिसचा जन्म, पोरवयात शिकागोला पळून गेली, १९२८ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेनला 'शो बोट' या संगीत नाटकात गायक-नट पॉल रोबसनबरोबर उभी राहिली, दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसमोर गायली. पुढे आई गेली आणि तिनं गाणं थांबवलं. वय बारा वर्षांनी कमी सांगितलं, शाळेचा दाखला चक्क बनवला आणि नर्सिंग शिकली. (हे अनुकरणीय नाही.) न्यूयॉर्कच्या गोल्डवॉटर इस्पितळात सुमारे २० वर्षं पेशंट सांभाळले, मधे १९६१ मध्ये त्याच लव्ही ऑस्टिनबरोबर थोडं मुद्रण केलं, तेवढंच. १९७७ मध्ये 'सत्तरी झाली' म्हणून तिला निवृत्त केलं. खरं वय ८२. त्याच ऑक्टोबरात ग्रीनिच व्हिलेजमधल्या 'द कुकरी' या क्लबात दोन आठवड्यांसाठी गायला उभी राहिली आणि पुढे कित्येक वर्षं, १९८४ मध्ये जाण्याच्या थोडं आधीपर्यंत, गात होती.

यावरून मी म्हणणार होतो की घाई कसली, संधी पुन्हा येते. पण वीस वर्षांनी येते, हे तुला सांगायला जीभ रेटत नाही. मुळात संधी सोड असं मी म्हणतच नाही. तू त्या ओवीला लावलेली चाल मंगलमावशीनं तीनदा ऐकली, चौथ्यांदा माझ्याकडून फोन हिसकावून घेतला. मी तुला सांगितलं नव्हतं. म्हणूनच म्हणतो, शब्द आणि चाल त्या वाक्यातून बाहेर काढ. फक्त तेवढं. ते नाही म्हणाले तर निदान मुदत पाच वर्षं. तेही नाही म्हणाले तर सही करण्याआधी मला फोन कर, कितीही वाजले असले तरी.

आईनं डिंकाच्या लाडवांचा डबा पाठवलाय. तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत करारपत्राची प्रिंट आहे. खुणा पेन्सिलीनं केल्या आहेत, खोडता येतील.

तुझा,
बाबा