ओळखपत्र मागितले म्हणून राग का यावा?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी माशेलजवळच्या एका वाड्यावर राहणारी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. वय 68, यजमान 72. मुलगा पुण्याला, मुलगी बंगळुरूला. घर जुने, पुढे सोपा, मागे विहीर आणि माडांचे भाट, शेजारचे घर हाकेच्या अंतरावर. पण ते शेजारी वर्षातले दहा महिने मुंबईला असतात, त्यामुळे हाक मारून उपयोग नाही. आमच्यासारखी घरे गोव्यात आता वाड्यावाड्यांवर आहेत. 2011 च्या जनगणनेत साठीपुढच्या माणसांच्या प्रमाणात केरळखालोखाल गोव्याचा नंबर होता. हे सगळे सांगते ते एवढ्यासाठी, की दिवसाउजेडी दार वाजले की उठून जाणारे आम्ही दोघेच असतो.

गेल्या महिन्यात एका मंगळवारी साडेअकराच्या सुमारास मी आदोळीवर नारळ खोवत बसले होते. अंगणात दोन मुलगे आले. निळे शर्ट, एकाच्या खांद्याला बॅग. ‘आंटी, गॅस चेकिंग.’ मी जाळीच्या दाराला आतून कडी घातली आणि ओळखपत्र मागितले. थोरला म्हणाला, मोबाइलमध्ये आहे. काच तडकलेली, वर ऊन. फोटोतला माणूस हाच की याचा भाऊ, काही कळेना. त्याने एक नंबर दिला, म्हणाला साहेबांशी बोला. तो नंबर मी लावला नाही. गॅसच्या जुन्या निळ्या पुस्तकावरचा एजन्सीचा नंबर काढला आणि तो लावला. एंगेज. पुन्हा एंगेज. अकरा मिनिटे मी आत फोन कानाला लावून आणि ते दोघे बाहेर उन्हात. धाकटा पुटपुटला, ‘चोर समझा है क्या.’

शेवटी फोन उचलला गेला. पलीकडची मुलगी म्हणाली, ‘हो, आमचीच मुलं ती. तुम्हाला मेसेज नाही आला?’

नव्हता आला. मी दार उघडले. त्यांनी काम चोख केले. रेग्युलेटरला आणि नळीच्या सांध्याला साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहिले. केशरी नळीवर छापलेली तारीख मला चष्मा लावून वाचायला लावली; ती पाच वर्षांची मुदत कधीच उलटून गेली होती. नवी नळी बसवली, पावती फाडली. मी कोकमाचे सरबत केले. थोरल्याने घेतले, धाकट्याने हातात धरले आणि निघताना भरलेला पेला तसाच सोप्याच्या कठड्यावर ठेवून गेला.

तो पेला काही मनातून जात नाही. पण उद्या पुन्हा कोणी आले, तर मी पुन्हा कडी घालीन. का, ते सांगते.

2013 सालची गोष्ट. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, आठ दिवस राहिले होते. चवथीच्या आधी आमच्याकडे पितळेची सगळी भांडी खाली उतरतात. मी भिरंडाची, म्हणजे कोकमाची, सोलां आणि राख घेऊन समया घासत होते. हात काळेनिळे झाले होते. तेवढ्यात एक गृहस्थ आले. पांढरा शर्ट, कपाळाला बारीक गंध, हातात नमुन्याच्या पुड्या. ‘काकी, एवढा त्रास कशाला? ही पावडर लावून बघा, विकत घेऊ नका हवं तर.’ बोलणे शुद्ध मराठी, माझ्या शाळेतल्या मुलांनी शिकावे असे. यजमानांनी सवयीप्रमाणे ‘येयात, बसात’ केलेच. आलेल्याला दारात उभे ठेवायचे नाही, हे त्यांच्या वडिलांपासूनचे.

दोन मिनिटांत समई लखलखली. मग चांदीचा करंडा झाला. मग त्याची नजर माझ्या हाताकडे गेली. ‘पाटल्या किती मळल्यात, काकी.’ आईने लग्नात घातलेल्या पाटल्या. साबणाने हात धुतल्यावाचून निघत नाहीत, पण त्या दिवशी मी आपणहून धुतला. त्याने पाटल्या वाटीतल्या कसल्याशा पाण्यात बुडवल्या आणि प्यायला पाणी मागितले. मी आत गेले. परत येईपर्यंत त्या हळदीच्या पाण्यासकट स्टीलच्या डब्यात बंद झाल्या होत्या. ‘वीस मिनिटं उघडू नका, रंग बसू दे.’ वीस मिनिटांनी डबा उघडला, तेव्हा पाटल्या आत होत्या, म्हणून तर माझा संशय फिटला. नव्यासारख्या चमकत होत्या. माणूस गेलेला होता, आणि पावडरीचे पैसेही न घेता गेला होता.

मार्गशीर्षात एका पाटलीची कडी सैल झाली म्हणून शेटकडे, म्हणजे सोनाराकडे, नेल्या. त्याने वजन केले आणि बिल आहे का विचारले. बिलावर 40 ग्रॅम, काट्यावर 34. त्याने भिंग देऊन मला कडेची नक्षी दाखवली. करवतीसारखे बारीक दाते होते तिथे, लहानपणी मी आईच्या हातावर बोट फिरवून मोजायचे ते. सगळे बोथट झालेले, चोखून ठेवलेल्या खडीसाखरेसारखे. नुसत्या नायट्रिक आम्लाने सोन्याला काही होत नाही, शेट म्हणाला. त्यात हायड्रोक्लोरिक मिसळले की सोने विरघळते. ते पाणी हे लोक बाटलीत भरून नेतात आणि घरी जाऊन त्यातून सोने परत काढतात. हळद कशाला, तर आपण झाकण लगेच उघडू नये म्हणून.

पोलिसांत गेले नाही. लाज वाटली. पन्नाशी उलटलेली, मुलांना विज्ञान शिकवणारी बाई, काय तोंडाने सांगणार? दोन वर्षांनी एका हळदीकुंकवात बोलता बोलता तोंडून गेले, तेव्हा त्याच वाड्यावरच्या आणखी दोघींनी माना खाली घातल्या. एकीचे तर मंगळसूत्र होते. त्याच आठवड्यात, तोच माणूस. मी त्याच दिवशी बोंब मारली असती तर निदान दुसरे घर वाचले असते. याचे मला पाटल्यांपेक्षा जास्त वाईट वाटते.

आता आमच्याकडे ग्रामसभेत हा विषय निघाला, की दोन वाक्यांत गाडी परप्रांतीयांवर येते. भाडेकरूंची पडताळणी व्हावी, त्याबद्दल माझे दुमत नाही. 2024 मध्ये सरकारने त्यासाठी कायदाही केला आहे. पण मला फसवले ते शुद्ध मराठीने आणि कपाळावरच्या गंधाने. गॅसवाले मुलगे हिंदी बोलत होते आणि पै न पैचा हिशेब देऊन गेले. भाषेवरून माणूस ओळखायची सवय चोराच्याच पथ्यावर पडते.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. खरे कर्मचारीच आमच्याकडे खोट्यांसारखे येतात. एका खात्याचा माणूस मध्यंतरी थेट मागच्या दाराने, विहिरीच्या बाजूने आला. अंगात टी-शर्ट, पायात स्लिपर, गळ्यात काही नाही. ‘मीटर बघपाचो आसा.’ ओळखपत्र मागितले तर म्हणाला, ‘इतकी वर्सां येतां, कोणे विचारूंक ना.’ मी त्याला जन्मात पाहिले नव्हते. तरी तो खरा होता, महिन्याच्या शेवटी बिल आले! असे दहा खरे मागच्या दाराने येऊन गेले, की अकराव्याला काही करावेच लागत नाही. सिलिंडरचेच पाहा. मोबाइलवर आलेला डिलिव्हरीचा कोड सिलिंडर हातात आल्यावर सांगायचा असतो. आमच्या वाड्यावर तो स्वयंपाकघरातून ओरडून सांगितला जातो, गेटवर कोण उभे आहे ते न बघता.

आणि दाराबाहेर उभे राहणे काय असते, ते मलाही माहीत आहे. 2011 च्या जनगणनेत, 9 ते 28 फेब्रुवारी, मी प्रगणक होते. शाळा करून दुपारनंतर घरे फिरायची. गळ्यात ओळखपत्र, हातात ते लांबलचक फॉर्म. काही घरांत चहा मिळाला. एका घरात कुत्रा सोडला. एका म्हातारीने मला पायरीवर उभे करून कार्डावरचे माझे नाव मोठ्याने, अक्षर अक्षर लावून वाचले, फोटो पाहिला, माझे तोंड पाहिले, पुन्हा फोटो पाहिला. तेव्हा मनात चरफडले होते मी. आज वाटते, सगळ्या वाड्यात शहाणी तेवढी एकच होती. आता 1 मार्च 2027 ही संदर्भ तारीख धरून नवी जनगणना ठरली आहे. घरयादी आणि शिरगणती अशा दोन फेऱ्यांत शिक्षक मंडळी पुन्हा दारोदार फिरणार. त्यांच्या आडून कोण कोण फिरेल, याचा विचार आधीच केलेला बरा.

म्हणून खात्यांना, गॅस एजन्सींना आणि पंचायतींना माझी विनंती अशी. कोणत्या वाड्यावर कोणत्या दिवशी कोण येणार, हे दोन दिवस आधी पंचायतीच्या फलकावर लावा. वाड्यावाड्याचे व्हॉट्सॲप ग्रुप आहेत. सकाळी गुलाबाची फुले येतात तिथे एक कामाचा निरोप आला तर बिघडत नाही. ओळखपत्र गळ्यात असू द्या, मोबाइलच्या पोटात नको. माणसे बाहेर पाठवलीत त्या वेळी कार्यालयातला फोन उचलायला कोणीतरी बसवा. माझी अकरा मिनिटे सावलीत गेली, त्या मुलांची उन्हात गेली. आणि माणूस कामावर घेताना त्याला एवढे सांगून ठेवा, की घरच्या बाईने कार्ड मागितले तर तो तुझा अपमान नव्हे. सरकारी नोकर असल्याचे सोंग घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 204 खाली गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण ते सोंग ओळखायचे, तर खऱ्याचे रूप आधी ठरलेले हवे.

घरापुरते आम्ही केले ते थोडेच. दाराला साखळी लावायला मेस्त बोलावला, तर म्हणाला दोन फळ्यांच्या जुन्या दाराला साखळी धरत नाही. म्हणून सोप्याला लोखंडी जाळी केली. कालनिर्णयाच्या पानावर जाड पेनने 112 लिहिले, आणि गॅसचा वास आला तर 1906. पाणी मागणाऱ्याला पाणी देतोच, पण जाळीतून. तांब्या जाळीतून जात नाही, म्हणून एक उभट पेला त्यासाठी वेगळा ठेवला आहे. यजमानांना हे अजून पटलेले नाही. ‘येयात’ म्हणतात, ‘बसात’ म्हणायचे तेवढे आवरतात.

फलकाची सूचना मी आमच्या पंचायतीला लेखी दिली आहे. पोच मिळाली. त्यावर शिक्का आहे, तारीख आहे. सही कोणाची, ते मात्र चष्मा लावूनही लागत नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, माशेल परिसर
(कृपया नाव छापू नये.)